बर्फाची पिशवी कुणाच्या फ्रिजमध्ये?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर गटाची बैठक चालू होती. थकलेल्या हप्त्यांचा विषय निघालेला, त्यामुळे सगळ्यांच्या माना वहीत. तेवढ्यात ओट्यावर खेळणारं चार वर्षांचं पोर घसरून खाली आपटलं. बघता बघता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

मग जे होतं तेच झालं. एकीने हळद आणली. दुसरीने खोबरेल तेल घेऊन चोळायला सुरुवात केली. एक आजी म्हणाल्या, "नाणं दाबा, नाणं." मी म्हटलं, "बर्फ आणा." फ्रिज होता तीन घरं सोडून. तिथे ट्रेमध्ये बर्फ नव्हता, पण फ्रीजरच्या भिंतीला जाड थर साचला होता. सुरीने खरवडून त्याचा एक गोळा आणला आणि मी तो तसाच पोराच्या कपाळावर दाबून धरला. सूज लवकर उतरावी म्हणून चांगली वीसेक मिनिटं. पोर किंचाळत होतं. मला वाटलं, मार लागलाय म्हणून रडतंय.

टेंगूळ उतरलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी कातडी लाल होऊन फोड आला होता. तो फोड पडण्याचा नव्हता, माझ्या बर्फाचा होता. त्याची आई मला एका शब्दानेही बोलली नाही. पण एमएसडब्ल्यू करून, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेऊन मी हे केलं, हे काही मला विसरता आलं नाही.

त्यानंतर मी या विषयाचं नीट वाचलं, नर्सताईंना विचारलं, घरी चार-पाच प्रकारच्या पिशव्या करून बघितल्या. तेच आज तुम्हाला सांगते. विषय छोटा आहे, खर्च पाच-दहा रुपयांच्या आत. पण बर्फाची पिशवी आधीच तयार असेल आणि ती कशी लावायची हे घरात एकीला तरी माहीत असेल, तरच तिचा उपयोग. पडल्यावर धावाधाव करून आणलेल्या बर्फाने काय होतं ते वर वाचलंतच.

बर्फ नेमकं करतो काय?

मार लागला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्त आणि पाणी आजूबाजूला झिरपतं, म्हणून सूज येते. तेच रक्त साकळलं की जागा काळीनिळी पडते. थंडाव्याने त्या रक्तवाहिन्या आकसतात, झिरपणं कमी होतं आणि ती जागा थोडी बधीर होऊन दुखणं कमी होतं.

इथे एक गैरसमज काढून टाकूया. बर्फ मार बरा करत नाही. बरं करायचं काम शरीरच करतं. अमेरिकेत गेब मर्किन नावाच्या डॉक्टरांनी १९७८ साली खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुरगळ, मुका मार यांवर चार गोष्टी सांगितल्या होत्या: विश्रांती, बर्फ, पट्टी आणि दुखरा भाग उंच ठेवणं. ते जगभर पसरलं. त्याच डॉक्टरांनी पुढे २०१४ मध्ये स्वतःच सांगितलं की फार वेळ बर्फ लावत बसलं तर बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो, कारण थोडी सूज हीसुद्धा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असते. म्हणजे आपल्यासाठी अर्थ असा: बर्फ दुखणं कमी करण्यासाठी, थोडा वेळ, पहिल्या एक-दोन दिवसांत. दिवसभर बांधून ठेवायला नाही.

आणि चोळायचं अजिबात नाही. मार ताजा असताना तेल लावून चोळलं किंवा गरम शेक दिला की फुटलेल्या वाहिन्यांतून आणखी रक्त झिरपतं आणि सूज वाढते. आपल्या आज्या-सासवा आंबेहळदीचा लेप लावतात. कातडी फाटलेली नसेल तर तो नंतर सावकाश लावा, कुणी नको म्हणत नाही. पण पहिला थंडावा. गरम शेक दोन दिवस उलटल्यावर, सूज बसल्यावर.

माझी चूक काय झाली?

आपण समजतो बर्फ म्हणजे बर्फ, सगळा सारखाच थंड. तसं नाही. पाण्यात वितळत असलेला बर्फ ० अंशावर असतो. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ मात्र त्याहून खूप थंड असतो. चांगल्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांपर्यंत तापमान जातं. असा बर्फ बोटांना चिकटतो ना, तोच हा. तो उघड्या कातडीवर दाबून धरला की कातडीतलं पाणी गोठायला लागतं आणि चटका बसल्यासारखी जखम होते. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना तर लवकरच.

म्हणून दोन नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक, बर्फ आणि कातडी यांच्यामध्ये नेहमी फडकं. दोन, घड्याळ बघून लावायचं.

घरच्या घरी पिशव्या कशा करायच्या?

१. ओल्या स्पंजची पिशवी. सगळ्यात सोपी. भांडी घासायचा नवा स्पंज घ्या (वापरलेला नको, त्याला साबण आणि खरकटं असतं). स्पंज नसेल तर जुन्या टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा चालेल. पाण्यात बुडवून थोडा पिळा, पाणी ठिबकायचं थांबलं की पुरे. धुऊन सुकवलेल्या दुधाच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड रबरबँडने घट्ट बांधा. त्यावर दुसरी पिशवी. फ्रीजरमध्ये सपाट ठेवा, म्हणजे गोळा होत नाही. वितळली तरी पाणी स्पंजमध्येच राहतं, पोराचे कपडे भिजत नाहीत. पोरांसाठी मला हीच आवडते.

२. मीठ-पाण्याची पिशवी. साध्या पाण्याची पिशवी गोठली की दगड होते, गुडघ्यावर, घोट्यावर बसत नाही. पाण्यात मीठ घातलं की ते लवकर गोठत नाही, भुसभुशीत राहतं. अर्धा लिटर पाण्यात पोहे खायच्या चमच्याने तीन चमचे भरून मीठ विरघळवा. खडे मीठही चालतं. दुहेरी पिशवीत भरा, पण पाऊण भागच, कारण गोठताना पाणी फुगतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: ही पिशवी साध्या बर्फापेक्षा जास्त थंड राहते. हिच्याखाली फडक्याच्या दोन घड्या हव्यातच. लहान बाळाला ही लावू नका.

३. खळीची पिशवी. औषधाच्या दुकानात निळी मऊ जेलची पिशवी मिळते ना, तिची ही घरची बहीण. वरच्याच मापाच्या मीठ-पाण्यात दोन चमचे तांदळाचं पीठ किंवा आरारूट कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा. पतंगाला लावायची खळ होते तशी घट्ट झाली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर पिशवीत भरा. ही पिशवी कोपराला, मनगटाला, हनुवटीला छान बसते. महिन्याभराने किंवा आंबूस वास आला तर फेकून नवी करा. पिशवीवर "खायचे नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर सासरे आइस्क्रीम समजून फोडतील. आमच्या घरी वडिलांनी फोडली होती.

४. सॅनिटरी पॅडची पट्टी. हसू नका. पॅडच्या आतली भुकटी पाणी शोषून जेलसारखी होते, म्हणजे कोरं पॅड ही तयार पिशवीच. एक कोरं पॅड पाण्याने भिजवा, पिशवीत घालून गोठवा. लांबट असल्यामुळे नडगीला, मनगटाला गुंडाळता येतं. २०१८ मध्ये अस्मिता योजना आली तेव्हा आपल्यासारख्या बचत गटांनीच गावोगाव पॅड पोहोचवले. पाकीट फाटून पडलेलं, मुदत उलटलेलं एखादं पॅड घरात असतंच, ते इथे कामी येईल.

५. मटारची पिशवी. हिवाळ्यात मटार स्वस्त असतात तेव्हा आपण सोलून फ्रीजरमध्ये ठेवतो. त्यातली एक छोटी पिशवी मारासाठी वेगळी ठेवा. दाणे सुटे असल्यामुळे हवा तसा आकार घेते. सारखी वितळून गोठवलेली ती पिशवी मग भाजीला वापरू नका.

काही जणी कोरडे तांदूळ पिशवीत भरून थंड करतात. चालतं, पण पाच-सात मिनिटांत थंडावा संपतो. कारण खरा थंडावा वितळणाऱ्या पाण्यात आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. कोरड्या तांदळात वितळायला काही नसतंच.

मोबाईलवर एक कृती फिरते, पाण्यात स्पिरिट मिसळून पिशवी करायची. ती करू नका. पिशवी फुटली आणि पोराच्या तोंडात गेलं तर विष, आणि चुलीपाशी सांडलं तर आग.

फ्रिज नाही, किंवा लाइट गेली तर?

हा प्रश्न मला प्रत्येक पाड्यावर येतो आणि तो बरोबरच आहे. पावसाळ्यात तर लाइट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते.

पहिली गोष्ट, थंडाव्यासाठी बर्फच लागतो असं नाही. मातीच्या माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार असतं. माठ पाझरतो, ते पाणी वाफ होऊन उडताना आतली उष्णता घेऊन जातं. सुती पंचा माठाच्या पाण्यात बुडवून, हलका पिळून मारावर ठेवा आणि वरून पुठ्ठ्याने किंवा सुपाने वारा घाला. पंचा कोमट झाला की पुन्हा बुडवा. बर्फाएवढं नाही, पण दुखणं नक्की कमी होतं. यात कातडी गोठायची भीती नाही, म्हणून बाळांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी हेच जास्त चांगलं. हाताचा किंवा पायाचा मार असेल तर विहिरीच्या ताज्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट, गावातलं दुकान. दोन-पाच रुपयांना मिळणारी रंगीत पेप्सी, पोरं चोखतात ती गोठलेली नळी, ती फडक्यात गुंडाळली की झाली बर्फाची पट्टी. शाळेतल्या बाईंनी हे केलेलं मी बघितलंय. पोराचं रडणंही थांबतं, कारण वितळल्यावर ती त्यालाच मिळणार असते!

तिसरी, मासळीवाली मावशी. अंबरनाथच्या, उल्हासनगरच्या बाजारातून मासळी गावात येते ती बर्फातच. तिच्याकडचा मूठभर बर्फ पिशवीत बांधून, फडक्यात घेऊन वापरा. तो बर्फ स्वच्छ नसतो, म्हणून उघड्या जखमेला लावायचा नाही आणि पाण्यात घालून प्यायचाही नाही.

लावायची पद्धत

आधी माणसाला बसवा किंवा झोपवा आणि कुठे लागलंय ते नीट बघा. रक्त येत असेल तर आधी स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवा. जखमेवर थेट बर्फ नको, बाजूच्या सुजेवर चालेल.

पिशवी फडक्यात गुंडाळून सुजेवर ठेवा. जोरात दाबू नका. मोठ्या माणसाला १० ते १५ मिनिटं, लहान मुलांना ५ ते १० मिनिटं. मग काढा. किमान तासाभराने पुन्हा लावता येते. दिवसातून तीन-चार वेळा, पहिले दोन दिवस. पिशवी बांधून झोपून जायचं नाही.

मध्ये मध्ये फडकं उचलून कातडी बघा. लालसर झाली तर ठीक आहे. पांढरी, राखाडी, मेणासारखी किंवा निळसर दिसली, टोचल्यासारखं होऊन मग काहीच कळेनासं झालं, तर लगेच काढा. अशी जागा चोळू नका, विस्तवावर शेकू नका, अंगाच्या उबेने आपोआप ऊब येऊ द्या. रंग परत आला नाही किंवा फोड आला तर दवाखान्यात दाखवा.

हात-पाय असेल तर खाली उशी, गोधडी ठेवून उंचावर ठेवा. बोटाला मार असेल तर अंगठी, पायात जोडवी, मनगटात बांगड्या असतील तर सूज चढायच्या आधी काढा. जोडवी काढायला आपण का कू करतो, पण सूज चढली की ती कापूनच काढावी लागते.

डोळ्याजवळ लागलं असेल तर पिशवी भुवईवर, गालाच्या हाडावर ठेवा. बुबुळावर दाब नको. दिसायला अंधुक झालं तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

इथे बर्फ लावायचा नाही

भाजलं असेल तर बर्फ नाही. नळाचं किंवा हंड्यातलं साधं गार पाणी २० मिनिटं ओतत राहा. बर्फाने भाजलेली कातडी आणखी मरते.

साप चावला असेल तर बर्फ नाही, कापणं नाही, आवळून बांधणं नाही. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे घोणस, फुरसं निघतात आणि त्यांच्या चावण्याने पाय सुजून काळानिळा पडतो, अगदी मुका मार लागल्यासारखा. अंधारात काय चावलं कळलं नाही आणि पाय सुजत चालला, तर मार समजून पिशवी लावत बसू नका. पाय न हलवता सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथे असते.

मधुमेहामुळे पाय बधीर झालेत अशा माणसाला बर्फाची पिशवी नको. त्यांना चटका बसलेला कळतच नाही. त्यांच्यासाठी माठाच्या पाण्याचा पंचा, तोही नजर ठेवून.

पिशवी बाजूला ठेवून दवाखान्यात कधी जायचं?

पिशवीचा एक धोका आहे. टेंगूळ उतरलं की आपण निश्चिंत होतो. पण टेंगूळ कवटीच्या बाहेर असतं. आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

डोक्याला मार लागल्यावर यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही: थोडा वेळ का होईना शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, हाक मारून जाग येत नाही, बोलणं अडखळतं, ओळख पटत नाही, चालताना तोल जातो, डोकेदुखी वाढत जाते, एका डोळ्याची बाहुली मोठी आणि एक लहान, नाकातून किंवा कानातून रक्त वा पाणी. ही लक्षणं काही तासांनी, दुसऱ्या दिवशीही येऊ शकतात. म्हणून पहिल्या रात्री माणसाला एकटं सोडू नका. पोर झोपलं तर झोपू द्या, पण दोन-तीन वेळा उठवून नाव विचारा. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याला लागलं, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला लागलं, तर लक्षणांची वाट न बघता दाखवा.

हात-पाय वाकडा दिसत असेल किंवा घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलेलं असू शकतं. जून महिन्यात जांभळं काढताना फांदी मोडून पडलेले, मुळगावच्या खंडोबाच्या पायऱ्यांवर घसरलेले, कोंडेश्वरच्या शेवाळलेल्या खडकांवरून पडलेले, सगळे आधी मालिशवाल्याकडे जातात. मोडलेल्या हाडावर मालिश म्हणजे आतली कड मांसात घुसवणं. आधी एक्स-रे. म्हातारी माणसं कंबरेवर पडली आणि एक पाय आखूड, बाहेर वळलेला दिसला, तर त्यांना उभं करायचा प्रयत्न करू नका. गरोदर बाईच्या पोटाला धक्का बसला तर तिला काही होत नसलं तरी दाखवून घ्या.

१०८ वर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. गावाचं नाव, पाड्याचं नाव आणि जवळची खूण सांगा, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय किंवा उल्हासनगर कॅम्प ३ चं मध्यवर्ती रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.

आणि एक प्रश्न, हळू आवाजात

हे लिहू की नको, असं बरेच दिवस मनात होतं. पण लिहिते.

गटाच्या बैठकीत एखादी ताई येते. डोळ्याखाली काळं, दंडावर वळ. आपण विचारतो, "काय झालं गं?" ती म्हणते, "मोरीत घसरले." पुढच्या महिन्यात पुन्हा, "दार लागलं." आपण सगळ्या मान हलवतो आणि बचतीची वही उघडतो. तिलाही कळतं की आपल्याला कळलंय.

तिला बर्फाची पिशवी द्या. नक्की द्या. पण ती धरून तिच्याजवळ बसा, चारचौघींत नाही, बाजूला. दहा मिनिटं पिशवी धरायचीच असते, तेवढ्यात बोलता येतं. जबरदस्तीने वदवून घेऊ नका, सल्ले देऊ नका. "तुझी चूक नाही, आणि तू म्हणशील तेव्हा मी सोबत येईन," एवढं म्हटलं तरी पुष्कळ. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते, आणि त्यासाठी घर सोडावं लागतंच असं नाही. सरकारी दवाखान्यात दाखवताना मार कसा लागला ते खरं सांगितलं तर ते कागदावर येतं आणि पुढे तोच कागद कामी येतो. पोराच्या अंगावरच्या वळांचंही तसंच. सूज उतरली की तो पुरावाही उतरतो, हे लक्षात असू द्या.

गटाने काय करायचं?

प्रत्येकीच्या घरी फ्रिज नाही, हे खरंच आहे. पण प्रत्येक गटात दोघी-तिघींकडे तरी असतो. त्या बाजूच्या पाड्यावरच्या गटाने काय केलं ते सांगते. माझ्याकडून ती चूक झाली त्याच्या पुढच्या बैठकीत मी सगळं मोकळेपणाने मांडलं आणि माफी मागितली. मग आम्ही तिथेच बसून सहा पिशव्या केल्या. दोन घरांच्या फ्रीजरमध्ये तीन-तीन ठेवल्या. त्या दोन घरांच्या दारावर खडूने बर्फाच्या लादीचा चौकोन काढला, म्हणजे रात्री-अपरात्रीही कुणाला विचारावं लागत नाही कुठे जायचं. पिशव्यांबरोबर एक धुतलेला पंचा प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवला, कारण घाईत फडकंच सापडत नाही. ठरावाच्या वहीत दोन ओळी लिहिल्या: कुणाकडे आहेत आणि महिन्यातून एकदा कोण तपासणार.

उल्हासनगरला जीन्सच्या कामावर जाणाऱ्या, बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या तायांनो, तुम्हीही कामाच्या जागी एक पिशवी ठेवायला सांगा. लोकलच्या गर्दीत कोपर, गुडघा रोजच आपटतो, आणि कामावर पोहोचेपर्यंत सूज चढलेली असते. मशीनवर बोट सापडणं तर वेगळंच. कायद्याने कारखाना ठरणाऱ्या जागी प्रथमोपचाराची पेटी ठेवणं मालकाला बंधनकारक आहे, १९४८ च्या कारखाना कायद्यापासून. तुमच्या इथे ती कुठे आहे, ते उद्याच बघून या. तिला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, तेही विचारा.

त्या पोराच्या कपाळावरचा डाग आता जवळजवळ गेलाय. परवा पाड्यावर गेले तर पठ्ठ्या पुन्हा पडला होता, या वेळी गुडघ्यावर. त्याची आठ वर्षांची ताई पळत गेली, खडूच्या चौकोनाच्या घरातून पिशवी आणली, पंचात गुंडाळली आणि मला विचारते कशी, "मॅडम, तुमच्या मोबाईलवर दहा मिनिटं लावा ना."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने धुतलेली दुधाची एक पिशवी घेऊन या. मीठ मी आणते.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक